सी, डी, ई, एफ: हार्ड डिस्कचे भाग पाडावेत का, आणि पाडायचेच तर कसे

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घ्या, धुळ्यातून घ्या, नाहीतर शहाद्याच्या एखाद्या छोट्या दुकानातून घ्या. असेंबल केलेला कॉम्प्युटर घरी आला की ‘धिस पीसी’मध्ये चार ड्राइव्ह, म्हणजे बहुधा एकाच हार्ड डिस्कचे चार भाग, ठरलेले: सी, डी, ई, एफ. सी १०० जीबीचा आणि उरलेल्या जागेचे तीन सारखे वाटे. असं का, हे दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. दोन-तीन वर्षांनी सीची पट्टी लाल होते आणि फोन येतो, “भाऊ, सी ड्राइव्ह भरी गयी, आते काय करू?” ई आणि एफ तेव्हा जवळपास रिकामेच पडलेले असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची गरज नाही. मशीनमध्ये ५१२ जीबी किंवा त्याहून लहान एकच एसएसडी (आत काही न फिरणारी, चिप्सवर साठवणारी डिस्क) असेल तर भाग पाडू नका. १ टीबीची एकटी हार्ड डिस्क असेल तर दोन भाग पाडा, तिसरा नको. दोन डिस्क असतील तर एकीवर विंडोज, दुसरीवर तुमचं काम, आणि दोघींचा एकेकच भाग. ‘बॅकअप म्हणून’ भाग पाडायचा विचार असेल तर मात्र तो सोडा आणि तो पैसा एक्स्टर्नल डिस्कला घाला.

ही सवय आली कुठून

सवय मूर्खपणाची नव्हती. डॉस आणि सुरुवातीच्या विंडोज ९५ मध्ये फॅट१६ नावाची फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत, होती आणि तिच्यात एका भागाला २ जीबीपेक्षा जास्त जागा देताच येत नसे. डिस्क ४ जीबीची आली की भाग पाडणं भागच होतं. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आली आणि ती अडचण गेली, पण हात तेच वळण घेत राहिला. पुढे विंडोज एक्सपीच्या काळात व्हायरस इतके की वर्षातून एकदा फॉरमॅट ठरलेला. सी पुसायचा, डीवरचे फोटो आणि हिशोब तसेच ठेवायचे, ही सोय तेव्हा खरोखर कामाची होती.

आज विंडोज ११ ला किमान ६४ जीबीची डिस्क लागते, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. तेही फक्त बसवण्यापुरतं. अपडेट येतात, जुन्या विंडोजची प्रत काही दिवस पडून राहते, फोटोशॉप आणि कोरल स्वतःच्या तात्पुरत्या फायली सीवरच टाकतात, व्हॉट्सअॅपवरून आलेलं सगळं तिथेच साठतं. एक्सपीच्या मापाने कापलेला १०० जीबीचा सी या सगळ्याला पुरत नाही.

भाग पाडून काय मिळतं, काय मिळत नाही

खरा फायदा एकच: विंडोज पुन्हा टाकताना तुमचा डेटा बाजूला राहतो. लिनक्ससारखी दुसरी सिस्टीम शेजारी टाकायची असेल तर भाग लागतोच, तो वेगळा विषय आहे.

वेग वाढतो हे अर्धवट खरं आहे. फिरणाऱ्या हार्ड डिस्कच्या चकतीचा बाहेरचा भाग जरा वेगाने वाचला जातो आणि सी साधारण तिथेच असतो. पण एकाच डिस्कवर डीवरून ईवर व्हिडिओ कॉपी करायला लावलात की आतलं हेड इकडून तिकडे पळत बसतं आणि काम उलट हळू होतं. लग्नाचे अल्बम करणारे काही जण फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या फायलींची जागा, सीऐवजी डीवर देतात आणि वेग वाढल्याचं समाधान मानतात. दोन्ही अक्षरं एकाच डिस्कची असतील तर काही फरक पडत नाही. एसएसडीत तर आत-बाहेर हा प्रकारच नाही. तिचा कंट्रोलर लिखाण सगळ्या चिप्सवर समान पसरवतो, तुम्ही वर कितीही भिंती घाला.

सुरक्षिततेचं म्हणाल तर ती एका विहिरीवर दोन मोटारी बसवल्यासारखी आहे. विहीर आटली की दोन्ही कोरड्या. हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली की सी, डी, ई, एफ सगळे एकदमच जातात. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, शिरला तर तोही अक्षर बघत नाही, दिसेल त्या ड्राइव्हवरच्या फायली कुलूपबंद करतो. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५च्या घरात जातो आणि वळवाच्या वाऱ्यात वीज दहा वेळा जाते-येते. अशा ठिकाणी फिरणारी डिस्क आधीच त्रासात असते. तिच्या एका भागावरचं दुसऱ्या भागावर उतरवून ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे.

आधी डिस्क कोणती आहे ते बघा

‘धिस पीसी’मध्ये अक्षरं दिसतात, डिस्क दिसत नाहीत. म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जा. डाव्या बाजूला ‘डिस्क ०’ आणि कंसात सी, डी अशी अक्षरं दिसतील, खाली एसएसडी की एचडीडी (फिरणारी हार्ड डिस्क) तेही लिहिलेलं असतं. ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ असे दोन दिसले तर खरोखर दोन डिस्क आहेत. एकाच ओळीत चारही अक्षरं दिसली तर डिस्क एकच.

जागा कमी दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यामुळे १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, ५१२ ची ४७६ आणि २५६ ची २३८.

डिस्कची तब्येतही आत्ताच बघून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम चालतो. ‘गुड’ असेल तर पुढे जा. ‘कॉशन’ पिवळ्या रंगात दिसलं तर भाग पाडण्याचा विचार तिथेच थांबवा आणि आधी डेटा बाहेर काढा. आजारी डिस्कवर भाग हलवणं म्हणजे तिला शेवटचा धक्का देणं. तापमानही तिथेच कळतं. हार्ड डिस्क साधारण ६० अंशांपर्यंत चालायला बनवलेल्या असतात, म्हणजे बंद खोलीत, कॅबिनेटमध्ये धूळ साचलेली असताना आपल्या उन्हाळ्यात फार अंतर उरत नाही.

मापं किती ठेवायची

२३८ जीबीच्या एसएसडीचे दोन भाग केले तर दोन्ही अपुरे पडतात. एकीकडे जागा उरते, दुसरीकडे लाल पट्टी. एकच ठेवा, आत फोल्डर नीट लावा. ४७६ लाही हेच लागू.

९३१ जीबीच्या एकट्या हार्ड डिस्कवर सी २५० ठेवा, उरलेला डी. जड सॉफ्टवेअर वापरणाऱ्या फोटोग्राफरने सी ३०० करावा. गेम, फोटो, हिशोब, सिनेमे यांना वेगवेगळी अक्षरं देण्याचा मोह होतो, पण ते काम फोल्डर करतो आणि फोल्डरला जागा आधी ठरवून द्यावी लागत नाही.

माझा सल्ला विचाराल तर जुन्या मशीनमध्ये सगळ्यात चांगला ‘भाग’ म्हणजे २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची) एसएसडी. विंडोज तिच्यावर, जुनी हार्ड डिस्क पूर्णच्या पूर्ण डेटासाठी. वेगही मिळतो आणि फॉरमॅटच्या दिवशी डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवता येते. त्याहून भरवशाची भिंत कुठलीच नाही.

प्रत्यक्ष भाग पाडणे

समजा, नव्या मशीनमध्ये ९३१ जीबीचा एकच सी आहे आणि त्यातून ६०० जीबीचा डी काढायचा आहे. विंडोजचं स्वतःचं डिस्क मॅनेजमेंट पुरेसं आहे, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

१. महत्त्वाच्या फायली एक्स्टर्नल डिस्कवर घ्या. घेतल्यावर त्यातल्या चार-दोन उघडून बघा, नुसती नावं बघून समाधान मानू नका.

२. नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय, बरेचदा आपोआप चालू असतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली ते दिसतं. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. दुकानात कोणी तिसऱ्याच्याच ईमेलने खातं उघडून दिलेलं असेल तर हे आजच निस्तरा, कारण की मागितली जाईल त्या दिवशी तो माणूस फोन उचलेलच असं नाही.

३. डेस्कटॉपला यूपीएस लावा, लॅपटॉपला चार्जर. ढग भरून आलेत, वारा सुटलाय, अशा वेळी हे काम काढू नका.

४. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा आणि डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली आडव्या पट्ट्या दिसतील. सीच्या आजूबाजूला १०० एमबीचा ईएफआय आणि काहीशे एमबीचा रिकव्हरी असे लहान भाग दिसतात. ते कचरा नाहीत. ईएफआय पुसला तर मशीन सुरूच होणार नाही.

५. सीच्या पट्टीवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. एक खिडकी येते, तिच्यात चार आकडे असतात, सगळे एमबीत. तिसऱ्या चौकटीत किती जागा काढायची ते लिहायचं असतं, किती ठेवायची ते नाही. गोंधळ इथेच होतो. ६०० जीबीसाठी ६०० गुणिले १०२४, म्हणजे ६१४४०० लिहा. खालच्या चौथ्या ओळीत सीला किती उरेल ते दिसतं. ते मनासारखं असेल तरच श्रिंक दाबा.

६. उजवीकडे काळ्या पट्टीत ‘अनअलोकेटेड’ दिसेल. तिच्यावर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम. अक्षर डी, फाइल सिस्टीम एनटीएफएस, क्विक फॉरमॅटवर खूण. नाव मात्र द्या. ‘न्यू व्हॉल्यूम’ तसंच ठेवू नका, ‘डेटा’ असं काहीतरी लिहा. ते पुढे फॉरमॅटच्या वेळी उपयोगी पडतं.

दुसऱ्या चौकटीतला आकडा, म्हणजे जास्तीत जास्त काढता येणारी जागा, कधी कधी फारच कमी दिसते. सीवर ७०० जीबी मोकळे आणि विंडोज म्हणतं, ४०० च देतो. याचं कारण काही फायली विंडोज जागेवरून हलवत नाही: पेजफाइल (व्हर्च्युअल मेमरीची फाइल), हायबरनेशनची फाइल, रिस्टोर पॉइंट (सिस्टीम प्रोटेक्शनने ठेवलेले). त्या पट्टीच्या मध्यावर बसल्या असतील तर त्यांच्या पलीकडचीच जागा मिळते. उपाय असा. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि आज्ञा द्या. फोनवर सांगतो तशी सांगतो: पॉवरसीएफजी एका शब्दात इंग्रजीत, मग स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ (powercfg /h off). याने हायबरनेशन बंद होतं. त्यानंतर सिस्टीम प्रोटेक्शन आणि व्हर्च्युअल मेमरी तात्पुरती बंद करा, मशीन रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक बघा. काम झालं की तिन्ही परत चालू करायला विसरू नका.

‘कन्व्हर्ट टू डायनॅमिक डिस्क’ असा एक पर्याय मेनूत दिसेल, कधी विंडोज स्वतःहून सुचवेलही. घरच्या मशीनवर त्याला हात लावू नका.

डी झाला, पण त्यावर जातं कोण

भाग पाडून झाल्यावर बहुतेक लोक पूर्वीसारखंच सगळं डेस्कटॉपवर ठेवतात, आणि डेस्कटॉप सीवर असतो. म्हणून डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे फोल्डर डीवर हलवा. फाइल एक्सप्लोररमध्ये डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. डीमध्ये आधी त्याच नावाचं फोल्डर तयार करून ते निवडा. नुसता डी निवडलात तर अख्खा डीच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि परत फिरवताना डोकं फिरतं. वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) बॅकअप चालू असेल तर आधी तो बंद करा, नाहीतर दोघं एकाच फोल्डरवरून ओढाताण करतात.

प्रोग्राम डीवर टाकून जागा वाचते, पण फॉरमॅटनंतर ते चालतील असं समजू नका. त्यांच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सीवरच्या नोंदवहीत, असतात. सी गेला की डीवर नुसता सांगाडा उरतो.

सी भरलाय, ई रिकामा आहे

सगळ्यात जास्त मशीन याच अवस्थेत येतात. अल्बम करणाऱ्या एका फोटोग्राफरच्या कॉम्प्युटरचं चित्र असं: सी १००, डी, ई, एफ प्रत्येकी २७७. सीवर ३ जीबी उरलेले, ई जवळजवळ कोरा. मालकाने ई डिलीट केला, सीवर राइट क्लिक केलं, तर एक्स्टेंड व्हॉल्यूम राखाडीच. कारण सीला फक्त लगेच उजवीकडची मोकळी जागा घेता येते, आणि तिथे डी बसलेला आहे. ई कितीही मोकळा असला तरी सीपर्यंत पोहोचत नाही.

सोपा मार्ग असा. ई डिलीट न करता डीवरचं सगळं आधी एक्स्टर्नल डिस्कवर घ्या आणि ईवरही एक प्रत टाका. मग डी डिलीट करा, सी एक्स्टेंड करा. दुसरा मार्ग मिनीटूल किंवा तसल्या पार्टिशन सॉफ्टवेअरचा. ते डीला उजवीकडे सरकवतं, म्हणजे डीवरचा एकेक बाइट उचलून पुढे ठेवतं. हार्ड डिस्कवर याला तास लागतात आणि मध्ये वीज गेली तर डी धोक्यात. मी पहिलाच मार्ग सांगतो.

जुन्या एमबीआर पद्धतीच्या (डिस्कवर भागांची नोंद ठेवायची जुनी रीत) डिस्कवर आणखी एक खोच असते. त्या पद्धतीत चारच प्राथमिक भाग मिळतात, म्हणून डी, ई, एफ एका ‘एक्स्टेंडेड’ भागाच्या पोटात ठेवलेले असतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यांच्याभोवती हिरवी चौकट दिसते. डी डिलीट केल्यावर जागा काळी न होता फिकट हिरवी झाली तर ती सीला मिळणार नाही. पोटातले सगळे भाग काढून हिरवी चौकटही पुसावी लागते. म्हणजे तिन्हींवरचा डेटा आधी बाहेर.

कधी सीच्या लगेच उजवीकडे छोटा रिकव्हरी भाग आडवा येतो. लॅपटॉपमध्ये हे नेहमीचं आहे. तिथे मात्र पार्टिशन सॉफ्टवेअरने तो सरकवणं परवडतं, कारण तो लहान असतो.

फॉरमॅटच्या दिवशी

भाग पाडण्याचा फायदा याच दिवशी मिळतो आणि जास्तीत जास्त डेटाही याच दिवशी जातो. ‘माझं सगळं डीवर आहे’ असं ठासून सांगणाऱ्याचंही सीवर बरंच काही असतं.

लग्नपत्रिका छापणाऱ्याचं उदाहरण घ्या. कोरलच्या फायली डीवर शाबूत. सी पुसून नवीन विंडोज टाकलं, फाइल उघडली, तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी चिन्हांची खिचडी. श्रीलिपी किंवा तसले जुने फॉन्ट सीवरच्या विंडोज फोल्डरात होते, तेच गेले. लग्नसराईत हा प्रसंग आला तर गिऱ्हाईक थांबत नाही. फॉन्टचं फोल्डर आणि त्याच्या इन्स्टॉलरची प्रत डीवर आणि बाहेरही ठेवा.

टॅली वापरणाऱ्यांनी, मग जिनिंग असो, डाळ मिल असो की केळीची वखार, एकदा स्वतःच्या डोळ्याने डेटा पाथ बघावा. वेगळा दिला नसेल तर टॅलीप्राइमचा डेटा सीवर युजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या फोल्डरात असतो. आउटलूकची मेल फाइल, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, स्कॅनरने परस्पर केलेलं फोल्डर, सेवा केंद्रात अर्जदारांचे डाउनलोड्समध्ये साठलेले पीडीएफ, हे सगळं फॉरमॅटआधी हाताने उचलावं लागतं.

पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना येणाऱ्या यादीत सी, डी या अक्षरांवर विसंबू नका. तिथे ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन ३’ असं दिसतं. म्हणून आधीच डिस्क मॅनेजमेंटचा मोबाइलवर फोटो काढा आणि कुठला भाग किती जीबीचा ते कागदावर लिहा. डीला दिलेलं नाव इथे ओळख पटवतं. तीन सारख्या मापाचे भाग असतील तर चुकीचा पुसायला एक क्लिक पुरतो. फक्त विंडोजचा भाग फॉरमॅट करा. दुसरी डिस्क असेल तर तिची केबल काढून ठेवा.

विंडोजच्या आतून ‘रीसेट धिस पीसी’ करत असाल तर फायली कुठून पुसायच्या ते नीट वाचा. फक्त विंडोजच्या ड्राइव्हवरून की सगळ्या ड्राइव्हवरून, असे दोन पर्याय असतात. दुसरा निवडला तर डी वेगळा ठेवल्याचा उपयोग शून्य.

विंडोज ११ ला आडवे येणारे जुने भाग

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा बरेच जण जुनी मशीन ११ वर नेऊ बघताहेत. ११ ला यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली, मशीन सुरू करणारी पद्धत) लागतं आणि त्यासाठी डिस्क जीपीटी पद्धतीची, म्हणजे एमबीआरनंतर आलेल्या नव्या रीतीची, हवी. तुमची कोणती, ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये डाव्या बाजूच्या ‘डिस्क ०’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्समध्ये कळतं. विंडोजमध्ये एमबीआरची जीपीटी करणारं एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन आहेच, आणि ते डेटा न पुसता काम करतं. अट अशी की प्राथमिक भाग जास्तीत जास्त तीन असावेत आणि एक्स्टेंडेड भाग अजिबात नसावा. वरच्या फोटोग्राफरसारखी सी-डी-ई-एफची डिस्क या अटीत बसत नाही. तिथे डी, ई, एफ बाहेर काढून मोकळे करावे लागतात. करायचंच आहे तर त्याच वेळी दोन भागांवर या आणि सी मोठा करून घ्या. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क घेणार असाल तर जीपीटीच लागते, एमबीआर त्यापुढची जागा मोजूच शकत नाही.

लिनक्स शेजारी टाकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एवढंच: विंडोजमधून ६० ते १०० जीबी श्रिंक करा, त्या काळ्या जागेत नवीन व्हॉल्यूम करू नका, ती तशीच सोडा. लिनक्सचा इन्स्टॉलर ती घेतो. त्याआधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप (बंद करताना मशीन पूर्ण बंद न करता अर्धवट झोपवणारी सोय) बंद करा, नाहीतर लिनक्समधून डी उघडताना तो फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही.